वडिलांनी दिलेल्या पैशांवर टॅक्स? त्या फॉरवर्डमधल्या एकेका वाक्याचा हिशेब

मार्च उजाडला की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो: "सावधान! आई-वडिलांनी मुलाला वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर मुलाला इन्कम टॅक्स आणि वडिलांना वेगळा गिफ्ट टॅक्स. रोख कितीही द्या, रक्ताच्या नात्याला लिमिट नाही. बँकेतून पाठवलंत तर लगेच नोटीस. रजिस्टर दानपत्र नसेल तर गिफ्ट बेकायदा. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावावर एफडी करा, व्याज टॅक्स फ्री. परदेशातल्या मुलाला पाठवलेत तर २० टक्के गेलेच समजा."

यातलं एकही वाक्य धड बरोबर नाही. जिथे घाबरवलं आहे तिथे घाबरण्यासारखं काही नाही, आणि जिथे बिनधास्त राहा म्हटलं आहे तिथेच दंड बसतो. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगतो. खालची कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत, कारण जुन्या वर्षांच्या नोटिसा त्याच क्रमांकांनी येतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण आई-वडील आणि मुलांमधल्या देण्याघेण्याचा मूळ नियम बदललेला नाही.

"५०,००० च्या वर गेलं की मुलाला टॅक्स"

पन्नास हजारांचा आकडा खरा आहे, फक्त तो परक्यांसाठी आहे. कलम ५६(२)(एक्स) म्हणतं की मोबदला न देता वर्षभरात मिळालेले पैसे मिळून ५०,००० च्या वर गेले, तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न. आणि मग पन्नास हजारांच्या वरचा भाग नव्हे, सगळी रक्कम करपात्र होते: मित्राने ६०,००० दिले तर १०,००० वर नाही, ६०,००० वर कर. पण त्याच कलमात 'नातेवाइकाकडून' मिळालेली रक्कम यातून वगळली आहे, आणि आई-वडील त्या व्याख्येत बसतात. त्यांनी पाच लाख दिले काय नि पाच कोटी दिले काय, मुलाच्या किंवा मुलीच्या हातात त्या रकमेवर शून्य कर. मूल सज्ञान असो, विवाहित असो, नोकरीला असो, फरक पडत नाही.

'नातेवाईक' हा शब्द मात्र आपण लग्नाच्या यादीत वापरतो तसा इथे वापरायचा नाही. कायद्याची यादी ठरलेली आहे: नवरा-बायको, आपली भावंडं, जोडीदाराची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, आपले आणि जोडीदाराचे थेट वरचे-खालचे वंशज-पूर्वज, आणि या सगळ्यांचे जोडीदार. म्हणजे सासऱ्यांनी जावयाला दिलं तरी माफ. चुलतभाऊ आणि मावसबहीण यादीत नाहीत. काका-पुतण्याचं प्रकरण तर आणखी गमतीचं आहे. काकांनी पुतण्याला दिलं तर माफ, कारण पुतण्याच्या बाजूने काका म्हणजे 'वडिलांचा भाऊ'. पुतण्याने काकांना दिलं तर ५०,००० ची मर्यादा लागू, कारण काकांच्या बाजूने पाहिलं तर भावाचा मुलगा यादीत कुठेच नाही. नातं नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने मोजतात.

पैसे कुठल्या खात्यातून निघाले, याकडेही लक्ष हवं. वडिलांच्या बचत खात्यातून किंवा त्यांच्या एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या खात्यातून आले तर ते वडिलांनीच दिले. त्यांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या खात्यातून आले तर देणारी कंपनी, आणि कंपनी कुणाची नातेवाईक नसते. एकत्र हिंदू कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या खात्यातून सदस्याला दिलं तर ते 'नातेवाइकाकडून' धरायचं का, यावर प्राप्तिकर न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. हा वाद विकत घेण्यात अर्थ नाही. पैसे व्यक्तीच्या खात्यातून व्यक्तीच्या खात्यात जाऊ द्या.

"वडिलांना वेगळा गिफ्ट टॅक्स"

हा कायदा होता, १९५८ चा, आणि त्यात कर देणारा भरत असे. १ ऑक्टोबर १९९८ पासून दिलेल्या भेटींवर तो उठला. मग काही वर्षं दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. १ सप्टेंबर २००४ पासून घेणाऱ्यावर कर आला, तेव्हा मर्यादा २५,००० होती, २००६ मध्ये ती ५०,००० झाली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे दोन काळ एकत्र शिजवले आहेत. आज वडिलांना भेटीवर कर नाही, आणि दिलेल्या रकमेची वजावटही मिळत नाही.

"रोख कितीही द्या, रक्ताच्या नात्याला लिमिट नाही"

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. कलम २६९एसटी १ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात नातेवाइकांना सूट नाही. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायची नाही: एका व्यक्तीकडून एका दिवसात नाही, एका व्यवहारापोटी नाही, आणि एका व्यक्तीकडून एकाच प्रसंगानिमित्तही नाही. बरोबर २,००,००० घेतले तरी उल्लंघन झालं. दंड कलम २७१डीए खाली, जितकी रक्कम घेतली तितकाच, आणि तो घेणाऱ्याला. वडिलांनी ५ लाख रोख दिले तर मुलाला ५ लाखांचा दंड होऊ शकतो. वर लिहिल्याप्रमाणे कर शून्य, तरीही दंड पाच लाख. कर नाही म्हणजे कुठलाच नियम नाही, ही समजूत इथे पडते.

लोक यावर तोडगे काढतात, आणि ते तोडगेच अडकवतात. पहिला म्हणजे 'रोज एक लाख नव्वद'. मुलाच्या लग्नासाठी वडिलांनी पाच दिवस रोज १,९०,००० रोख दिले, तर दिवसाची मर्यादा पाळली गेली, पण लग्न हा एकच प्रसंग आहे आणि रक्कम साडेनऊ लाख झाली. घराच्या एकाच हप्त्यासाठी तुकड्यातुकड्याने रोख दिली तर एका व्यवहाराची अट आडवी येते.

दुसरा तोडगा बँकेच्या काउंटरवर दिसतो. वडील शाखेत जातात, स्लिपवर मुलाचा खाते क्रमांक लिहितात, पिशवीतून ३ लाखांच्या नोटा काढून भरतात आणि समजतात की 'बँकेतून दिले'. कायद्याला हवा आहे देणाऱ्याच्या खात्यातून निघालेला अकाउंट पेयी चेक, डिमांड ड्राफ्ट, किंवा एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, यूपीआय यांपैकी काही. मुलाच्या खात्यात थेट भरलेल्या नोटा या मुलाने घेतलेल्या नोटाच. शिवाय पासबुकात नोंद पडते ती 'कॅश डिपॉझिट' अशी, त्यात वडिलांचं नावही नसतं. त्याच नोटा वडिलांनी आधी स्वतःच्या खात्यात भरल्या असत्या आणि तिथून एनईएफटी केलं असतं, तर निदान हे कलम लागलं नसतं. चेक द्यायचा तर दोन तिरप्या रेघा पुरत नाहीत, 'अकाउंट पेयी' लिहा.

तिसरी चूक शब्दांची आहे. नोटिशीला उत्तर देताना मुलगा सहज लिहून जातो, "वडिलांकडून हातउसने घेतले होते." झालं! आता ती भेट राहिली नाही, ते कर्ज झालं, आणि कर्जाला कलम २६९एसएस लागतं, ज्यात रोखीची मर्यादा दोन लाख नाही, २०,००० आहे. २०,००० किंवा त्यावर रोख उसने घेतले तर तितकाच दंड. घरातले उसनवारीचे व्यवहार वाजवी कारण दाखवून अपिलात सुटल्याची उदाहरणं आहेत, पण एका शब्दासाठी अपिलापर्यंत जायची हौस कुणाला असते? द्यायच्या आधीच ठरवा, भेट की उसने, आणि मग सगळ्या कागदांवर तोच शब्द ठेवा.

"बँकेतून पाठवलंत तर लगेच नोटीस"

वडिलांनी मुलाला एनईएफटी केलं म्हणून बँक टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापत नाही, आणि तेवढ्यावरून आयकर खात्याला कळवतही नाही. बँक कळवते ते वेगळं: बचत खात्यांत वर्षभरात मिळून १० लाख किंवा जास्त रोख भरणा, वर्षभरात १० लाख किंवा जास्त रकमेच्या नव्या मुदत ठेवी. नोंदणी कार्यालयाकडून ३० लाख आणि त्यावरच्या घरांची माहिती जाते. म्हणजे खात्याला दिसतं ते मुलाने घेतलेलं घर. मग प्रश्न येतो की पगार इतका, कर्ज इतकं, उरलेले आले कुठून?

इथे बहुतेकांचं उत्तर असतं 'वडिलांनी दिले', आणि तेवढ्यावर भागत नाही. अधिकारी तीन गोष्टी पाहतो: देणारा कोण, त्याची देण्याची ऐपत होती का, आणि व्यवहार खरा आहे का. पहिली गोष्ट पॅन आणि आधारवर संपते. घोडं पेंड खातं ते दुसरीवर.

समजा मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला आणि वडिलांनी १५ लाख दिले. वडिलांच्या स्टेटमेंटमध्ये १२ तारखेला एनईएफटीने १५ लाख गेलेले दिसतात. पण त्याच पानावर १० तारखेला १४,५०,००० रोख भरलेले दिसतात, आणि त्याआधीची शिल्लक ६३,०००. हे पान पाहिल्यावर अधिकारी दुसरं काही विचारतच नाही, त्या साडेचौदा लाखांवर बोट ठेवतो. खुलासा पटला नाही तर रक्कम कलम ६८ किंवा ६९ च्या गटात, म्हणजे उगम न सांगता आलेल्या पैशांत, जाते आणि १९६१ च्या कायद्याच्या कलम ११५बीबीई प्रमाणे ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, म्हणजे ७८ टक्के. साडेचौदा लाखांवर ११,३१,०००. दंड वेगळा.

वडील निवृत्त असतील तर पुरावा सोपा असतो: भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी किंवा मोडलेल्या एफडीची जमा, जी देण्याच्या आधी खात्यात दिसते. शेतकरी वडिलांचं अवघड जातं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे खरं, पण 'शेतीचे पैसे' एवढं म्हणणं म्हणजे पुरावा नाही. ऊस असेल तर कारखान्याचं बिल बहुधा थेट खात्यात येतं, तिथे प्रश्न नसतो. कांदा, सोयाबीन, भाजीपाला असेल तर आडत्याची हिशेबपट्टी लागते, सातबारा लागतो, आणि त्यावर त्या हंगामाची पीकपेऱ्याची नोंद लागते. दीड एकराच्या सातबाऱ्यावर तूर आणि खुलाशात 'द्राक्षांचे १८ लाख', असं झालं तर कागदच उलट साक्ष देतो. म्हणून विक्रीचे पैसे हंगामाच्या हंगामाला खात्यात भरत जावेत आणि पट्ट्या जपून ठेवाव्यात. मुलाच्या बुकिंगच्या आदल्या दिवशी सगळी कपाटं उघडू नयेत.

मुलाच्या रिटर्नमध्ये ही रक्कम दाखवायची का? त्यावर कर नाही. तरी रक्कम मोठी असेल तर करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात 'आई-वडिलांकडून भेट' म्हणून दाखवावी, असा सल्ला बरेच सीए देतात. पुढे प्रश्न आला तर आपण लपवलं नव्हतं, एवढं त्यातून दिसतं.

"रजिस्टर दानपत्र नसेल तर गिफ्ट बेकायदा"

घर, जमीन, प्लॉट यांसाठी बरोबर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे स्थावराचं दान नोंदणीकृत दस्ताने आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्यांनीच होतं. पैशांना ही सक्ती नाही. रक्कम दिली, समोरच्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारली, दान पूर्ण.

पण कागद असावा, कारण सहा-सात वर्षांनी नोटीस येते तेव्हा कधी वडील नसतात. साध्या कागदावर एवढं पुरतं:

"मी, (नाव, पत्ता, पॅन), माझा मुलगा (नाव, पॅन) यास दि. … रोजी माझ्या … बँकेतील खाते क्र. … मधून एनईएफटीने (यूटीआर क्र. …) रु. १५,००,००० नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी भेट दिले आहेत. त्याबदल्यात काही घेतलेले नाही व रक्कम परत घ्यावयाची नाही. सदर रक्कम मला सेवानिवृत्तीवेळी मिळालेल्या भविष्य निर्वाह निधीतील आहे." खाली वडिलांची सही, मुलाची 'भेट स्वीकारली' म्हणून सही, तारीख. सोबत दोघांच्या स्टेटमेंटचं ते ते पान.

यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) आणि पैशांचा उगम, या दोन ओळी बहुतेक नमुन्यांत नसतात, आणि नेमक्या त्याच उपयोगी पडतात. स्टॅम्प पेपरने कागद जास्त खरा होत नाही. उलट नोटीस आल्यावर घाईने २०२२ ची तारीख टाकून दानपत्र करतात आणि मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदीत त्या पेपरची विक्री २०२४ ची निघते. मग खरी असलेली भेटही खोटी वाटू लागते. मोठ्या रकमेचं रीतसर दानपत्रच करायचं असेल तर मुद्रांक शुल्क किती, ते वकिलाला विचारून मगच करा.

"लहान मुलांच्या नावावर एफडी, व्याज टॅक्स फ्री"

भेट करमुक्त आहे, तिच्यावरचं व्याज नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं असं उत्पन्न कलम ६४(१ए) प्रमाणे आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. (मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलेने कमावलेलं वेगळं, कलम ८०यू मध्ये बसणाऱ्या दिव्यांग मुलाचंही वेगळं.)

बारा वर्षांच्या मुलीच्या नावे १० लाखांची एफडी, वर्षाला सरळ ७ टक्के धरले तर ७०,००० व्याज. वडिलांचा पगार ९ लाख, आईचा १४ लाख. व्याज आईच्या रिटर्नमध्ये जाणार. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर आई १५ टक्क्यांच्या टप्प्यात आहे, म्हणजे १०,५०० कर आणि ४२० उपकर. जुन्या प्रणालीत दर मुलामागे १,५०० ची सूट मिळते, नव्यात तीही नाही.

घोळ होतो तो पॅनचा. एफडी उघडताना पालक म्हणून वडील सही करतात, त्यांचा पॅन लागतो. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नसलेल्यांना वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापतात, तो वडिलांच्या नावावर दिसतो आणि उत्पन्न आईचं. नियम ३७बीए प्रमाणे बँकेला लेखी कळवून टीडीएस योग्य पालकाच्या पॅनवर घेता येतो. मुलीच्या नावे १५जी (माझ्यावर कर नाही, टीडीएस कापू नका, असं बँकेला सांगणारा फॉर्म) भरून टीडीएस थांबवणं हा उपाय नव्हे, कारण कर तिने नाही, आईने भरायचा आहे. खरोखर करमुक्त व्याज हवं असेल तर सुकन्या समृद्धी किंवा पीपीएफ, आणि पीपीएफला पालक व अल्पवयीन मूल मिळून वर्षाला दीड लाखच. अठरावा वाढदिवस झाला की त्या दिवसापासूनचं व्याज मुलीचं स्वतःचं.

आणि सून! सज्ञान मुलाच्या नावावर ठेवलं तर व्याज मुलाचं, वडिलांना काही नाही. तेच १० लाख सासऱ्यांनी सुनेच्या नावावर ठेवले तर भेट माफ, पण व्याज कलम ६४(१)(vi) प्रमाणे सासऱ्यांच्या उत्पन्नात. जावयाला दिलं तर असं होत नाही. कायद्यात फक्त मुलाच्या बायकोचा उल्लेख आहे, मुलीच्या नवऱ्याचा नाही. मुलाला देऊन त्याने बायकोला दिलं तर व्याज मुलाच्या उत्पन्नात मोजतात.

"परदेशातल्या मुलाला पाठवलेत तर २० टक्के गेलेच"

जात नाहीत, अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, भेट म्हणूनही. १ एप्रिल २०२५ पासून वर्षातल्या पहिल्या १० लाख रुपयांवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही, भेट असेल तर १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. १८ लाख पाठवले तर ८ लाखांवर १,६०,००० बँक जमा करून घेते. ते वडिलांच्या पॅनवर २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या जमा कराच्या पत्रकात, दिसतात, रिटर्नमध्ये करातून वळते होतात किंवा परत मिळतात. मुलगी शिकायला गेली असेल तर पैसे परदेशी पाठवताना बँकेत भरायच्या ए२ फॉर्मवर 'भेट' न लिहिता शिक्षणाचा हेतू लिहा, तिथला दर बराच कमी आहे. बँकेतला माणूस सवयीने 'गिफ्ट'वर टिक करतो, सही करण्याआधी पाहून घ्या.

मुलगा अमेरिकेत करदाता असेल तर एका वर्षात अमेरिकेबाहेरच्या आई-वडिलांकडून १,००,००० डॉलरच्या वर मिळालेली भेट त्याने तिथे फॉर्म ३५२० वर कळवायची. त्यावर कर नाही, पण फॉर्म चुकला तर दर महिन्याला रकमेच्या ५ टक्के, कमाल २५ टक्के दंड आहे. 'अमुक डॉलरच्या वर गिफ्ट टॅक्स' असं मुलं फोनवर सांगतात, तो २०२५ चा १९,००० डॉलरचा आकडा तिथे राहून देणाऱ्यांसाठी आहे. मुलाने तिकडून आई-वडिलांना पाठवताना तो पाहायचा, आणि तो ओलांडला तर फॉर्म ७०९ त्याने भरायचा. इकडे आई-वडिलांच्या हातात ते पैसे, थेट वंशजाकडून आलेले म्हणून, पूर्ण करमुक्त.